लाखात एक

‘मुलगी लाखात एक आहे’ असे म्हटले की ते कौतुक असते. त्यातला आकडा कोणी मोजायला जात नाही. कर्करोगाची मोजदाद मात्र लाखातच होते. एका वर्षात, एक लाख माणसांमागे, नवे रुग्ण किती? या हिशेबात जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढणारी ‘जिस्ट’ नावाची गाठ जवळजवळ शब्दशः लाखात एक आहे. वर्षाला लाखामागे १ ते १.५ रुग्ण, एवढेच तिचे प्रमाण.

दुर्मीळ कशाला म्हणायचे, याची रेघ युरोपातल्या तज्ज्ञांनी वर्षाला लाखामागे ६ रुग्णांवर ओढली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची रेघ १५ वर आहे. आता युरोपची पट्टी भारतावर ठेवून पाहा. जगभरच्या कर्करोगांची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये आपल्याकडे मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण होते. लोकसंख्येने भागले की उत्तर येते लाखामागे ५. म्हणजे युरोपच्या व्याख्येने हा भारतातला दुर्मीळ रोग! ७० हजार घरांना ही व्याख्या ऐकवायची हिंमत कोण करील? उलट पित्ताशयाचा कर्करोग पश्चिमेकडे क्वचितच आढळतो, पण गंगेच्या मैदानात आणि आसामात बायकांच्या प्रमुख कर्करोगांत त्याची गणना होते. दक्षिणेकडे यावे तसा तो कमी होतो.

शरीरातही असाच एक भूगोल आहे. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब. पचनमार्गाच्या आतल्या अस्तराचा बहुतेक भाग त्यातच आहे. तरी तिथे कर्करोग क्वचित होतो आणि जेमतेम दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात मात्र जगभर लाखोंना होतो. लहान आतड्यातून अन्न पातळ असताना, भराभर पुढे सरकते. तिथे जिवाणू कमी आणि संरक्षक पेशींचा पहारा कडक, अशी कारणे दिली जातात. मला यातले एकही पूर्ण पटलेले नाही.

एकेकटे घेतले तर हे दुर्मीळ रोग किरकोळ वाटतात. पण युरोपातल्या नोंदणीत सगळ्या अवयवांचे मिळून असे १९८ प्रकार मोजले गेले आणि त्यांची बेरीज एकूण कर्करोगांच्या २४ टक्के निघाली. म्हणजे दर चार रुग्णांत जवळपास एकाचा कर्करोग ‘दुर्मीळ’. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या कर्करोगांत ६३ टक्के, तर दुर्मीळांत साधारण ४८ टक्के आढळले. ही पंधरा टक्क्यांची दरी केवळ रोगाच्या क्रूरपणाची नाही. पोटाची तक्रार आधी ॲसिडिटीच्या गोळ्यांवर जाते, मग ‘आयबीएस’ म्हणजे ‘चिडक्या आतड्या’च्या खात्यात. गाठ सापडली तरी ती कोणती हे ओळखायला तशा गाठी पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट लागतो. शिवाय ज्या रोगाचे रुग्णच तुरळक, त्यावर औषधाची चाचणी तरी किती जणांवर घेणार?

नवे रुग्ण कमी म्हणजे रोगासह जगणारेही कमी, असे मात्र नाही. इथे शाळेतले नळ आणि हौदाचे गणित आठवा. हौदात पाणी किती, हे वरून पडणाऱ्या धारेवर ठरते तसेच खालच्या गळतीवरही. दरवर्षीचे नवे रुग्ण ही धार. मरण पावणारे किंवा बरे होणारे ही गळती. आज एखाद्या रोगासह जगणारी माणसे हा हौद. धार बारीक असूनही हौद भरलेला असू शकतो.

‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे याचे उत्तम उदाहरण. मार्च २०१८ मध्ये इरफान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘न्यूरो’ म्हणजे मेंदूच असे नव्हे, हे त्यांना स्वतःच समजावून सांगावे लागले. संप्रेरके तयार करणाऱ्या पेशी आतडी, अपेंडिक्स, स्वादुपिंड, फुप्फुसे अशा अनेक ठिकाणी विखुरलेल्या असतात. त्यांच्या या गाठी. १९०७ मध्ये म्युनिकच्या सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी त्यांना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखे, असे नाव दिले आणि निरुपद्रवी मानले. पुढे त्यांनीच हे मत बदलले. काही रुग्णांत गाठ सिरोटोनिनसारखी रसायने रक्तात सोडते. मग अचानक चेहरा लालबुंद होतो, जुलाब सुटतात. बाईला असे झाले तर पाळी जाण्याची लक्षणे म्हणून ते सोडून दिले जाते.

अमेरिकेतल्या एका पाहणीनुसार तिथे या गाठींचे प्रमाण १९७३ मध्ये लाखामागे १.०९ होते, २०१२ मध्ये ते ६.९८ झाले. सहापटीहून अधिक. रोग एवढा वाढला का? बराचसा वाटा एन्डोस्कोपी आणि स्कॅनचा आहे. दुसऱ्याच कारणासाठी तपासणी करताना लहान गाठी आता दिसू लागल्या. अशा लहान गाठी मोजणीत आल्या की ‘जगण्याचे प्रमाण’ही आपोआप सुधारलेले दिसते, ही मेख लक्षात ठेवायला हवी. तरी निम्मे रुग्ण निदानानंतर नऊ वर्षांहून अधिक जगतात, असे त्याच पाहणीत दिसले, आणि या गाठींसह जगणारे अमेरिकेत १ लाख ७१ हजारांच्या आसपास असतील असा अंदाज निघाला. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात पाच वर्षे गाठणारे तिथे शंभरात जेमतेम १३. स्टीव्ह जॉब्स यांची गाठही स्वादुपिंडातलीच, पण न्यूरोएंडोक्राइन जातीची; २००३ च्या निदानानंतर ते आठ वर्षे जगले. अवयव एक, रोग दोन.

उपचाराचा एक धागा मुंबईत येतो. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला धरणारे ग्राही असतात. त्या संप्रेरकासारख्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून शिरेतून दिले की ते नेमके गाठीला जाऊन चिकटते आणि जवळून मारा करते. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते, आणि परळला त्याच केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते रुग्णांना दिले जाते.

आता परत त्या लाखात एकीकडे. जिस्टला तिचे नाव मिळाले १९८३ मध्ये. त्याआधी तिला अनैच्छिक स्नायूंचा सार्कोमा समजले जाई. केमोथेरपी द्यावी तर गाठ दाद देत नसे, आणि रोग पसरला असेल तर रुग्ण साधारण वर्ष-दीड वर्ष काढी. १९९८ मध्ये जपानच्या सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या ‘किट’ जनुकातला बिघाड शोधला. ही गाठ आतड्याच्या हालचालीला लय देणाऱ्या कहाल पेशींच्या कुळातली असल्याचेही त्यातून पुढे आले. योगायोग असा की, एका रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालेली इमॅटिनिब ही गोळी हेच किट प्रथिन बंद पाडत होती. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत पन्नाशीच्या एका बाईंना ती दिली गेली. त्यांच्या यकृतात गाठी पसरलेल्या होत्या. त्या काही आठवड्यांतच आकसू लागल्या. पुढची चाचणी अवघ्या १४७ रुग्णांची, पण रोग पसरलेल्या रुग्णांचे आयुष्य पाच वर्षांच्या आसपास गेले. याच औषधाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात चालला. १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले गेले, आणि महिन्याला लाखाच्या वर किंमत असलेल्या गोळीच्या भारतीय आवृत्त्या दहा हजारांच्या आत मिळत राहिल्या. जगण्याच्या तक्त्यात किमतीचा रकाना नसतो. तो असायला हवा.

१४७ हा आकडा थोडा वाटत असेल तर गुदद्वाराच्या कर्करोगाचे पाहा. पूर्वी यावर एकच उपाय होता : तो भाग काढून टाकायचा आणि पोटावर जन्मभराची पिशवी लावायची. १९७४ मध्ये डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन नायग्रो यांनी आधी केमोथेरपी आणि किरण एकत्र दिलेल्या रुग्णांचा अनुभव छापला. रुग्ण होते तीन. शस्त्रक्रिया झालेल्या दोघांच्या काढलेल्या भागात गाठ उरलीच नव्हती. तिसऱ्याने शस्त्रक्रियाच नाकारली आणि तरीही तो बरा राहिला. आज जगभर हाच पहिला उपचार आहे. तीन माणसांनी रीत बदलली!

पण असे तुरळक रोग दिसायचे तर आधी ते नोंदले जायला हवेत. भारतात लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला. अशा नोंदवहीत अचूक नाव उतरायचे तर आधी बायोप्सीचा अहवाल अचूक हवा. म्हणून घरात कोणाच्या पोटातल्या गाठीचे नाव अनोळखी निघाले, तर इंटरनेटवरची टक्केवारी वाचण्याआधी एक करा. फक्त अहवालाच्या कागदावर थांबू नका. प्रयोगशाळेकडून बायोप्सीच्या काचा आणि मेणातले ब्लॉक मागून घ्या, आणि तशा गाठी नेहमी पाहणाऱ्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात त्या पुन्हा तपासून घ्या.