गड्यांची युनियन झाली तर होडीमालकाचं काय बिघडतं?



मागच्या बैठकीत जाळं ओढणाऱ्या काही गड्यांनी विचारलं, "आमची वेगळी युनियन केली तर चालेल का?" त्यावर दोन होडीमालक उठून गेले. तेव्हापासून ऑफिसात येणारा प्रत्येक जण विचारतोय, संस्थेत मालक आणि गडी दोघेही सभासद आहेत, मग युनियन कशाला? म्हणून हे लिहितोय. राग आला तर ऑफिसात येऊन भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

मालकमंडळींच्या तोंडी एकच दाखला असतो, मुंबईचा गिरणी संप. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या बसल्या, घरं उद्ध्वस्त झाली, हे खरंच आहे. तो संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पण तो पेटला का, हे कुणी सांगत नाही. 1946 च्या कायद्यानुसार बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तिच्यावर बहुतेक कामगारांचा भरवसा उरला नव्हता. ज्याच्यावर भरवसा होता, त्याच्याशी मालक बोलायला तयार नव्हते. मग भांडण मिटणार कुठे? सामंतांनीही माघारीची वाट ठेवली नाही, असं आमचं मत आहे. पण दोष नुसता युनियनवर टाकून भागत नाही.

दुसरा दाखला आपल्या दाराशी आहे. अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाल आज एका अडत्याची पोती उचलतो, उद्या दुसऱ्याची. त्याचा मालक नक्की कोण? मुंबईच्या माथाडींचंही असंच होतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यात मंडळ असतं, मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांची माणसं. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, कामगाराला पैसे तिथून मिळतात, भविष्य निर्वाह निधीसुद्धा. त्या मंडळांतही तक्रारी आहेतच, पण व्यापार काही बंद पडला नाही.

आता आपलं बघू. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, बर्फ, टेम्पोभाडं वजा करून उरलेलं गड्यांत वाटतात. हा हिशेब बऱ्याच ठिकाणी मालकाच्या डोक्यात असतो, वहीत नसतो. गेल्या साली होडी काठावर ओढताना एका गड्याचा खांदा निखळला. मालकाने दवाखान्याचे पैसे लगेच दिले, आणि नंतर ते उचलीत लिहिले. संस्थेला हे माहीत होतं. आम्ही गप्प बसलो, कारण कमिटीत मालक जास्त आहेत. हे लिहायला बरं वाटत नाही.

मालकांचंही दुःख खोटं नाही. उचल घेऊन ऐन हंगामात गडी दुसऱ्याच्या होडीवर जातो, तेव्हा विचारायचं कुणाला? त्याच्या बायकोला? युनियन असेल तर निदान जाब द्यायला कुणीतरी समोर असेल.

आणि एक गोष्ट. सोसायटी धंदा करते, तलावाचा ठेका घेते, माल विकते. सभासदाचं सभासदाशी वाट्यावरून भांडण झालं तर ती पंच होऊ शकते, पण गड्याची वकील नाही होऊ शकत. कायद्याने किमान सात जण जमले की युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो, त्याला आमची परवानगी लागत नाही. तेव्हा उठून जाऊन काही उपयोग नाही, दादा.

पुढच्या बैठकीत वाट्याची छापील वही मांडणार आहोत. मालकांनी बर्फाच्या आणि टेम्पोच्या पावत्या आणाव्यात. गड्यांनी आपापसात ठरवून तीन माणसं बोलायला पाठवावीत. उठून गेलेल्या दोघांच्या घरी आम्ही स्वतः निरोप देऊन आलो आहोत.

— सचिव