ॲडमिनचा पासवर्ड न देता व्हर्च्युअल मशीनचा ताबा कसा द्यावा



आजचा प्रश्न बडोद्याच्या एका संगणक शिक्षिकेचा आहे. त्यांच्या वर्गात पंधरा पीसी आहेत, सगळ्यांवर विंडोज ११ प्रो. मुलं हायपर-व्हीमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवून लिनक्स शिकतात. ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्यावरही हायपर-व्ही आहे. त्यात दोन मशीन सरावाची आणि एक फी व निकालाची. मुलाने हायपर-व्ही मॅनेजर उघडला की 'परवानगी नाही' असा संदेश येतो. मग बाई उठून ॲडमिनचा पासवर्ड टाकतात. एका तासात दहा वेळा हेच. शेवटी संस्थेतल्या कुणीतरी सुचवलं, "मुलांना पासवर्डच देऊन टाका की!" बाई विचारतात, "सर, दुसरा काही मार्ग आहे का?"

आहे. पण वर्गातल्या पीसीसाठी एक आणि ऑफिसातल्या सर्व्हरसाठी वेगळा. दोन्हीकडे एकच उपाय का चालणार नाही, ते आधी समजून घेऊ.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्या खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. गेस्टची हार्ड डिस्क ही होस्टवरची एक मोठी फाइल असते. हायपर-व्हीमध्ये तिला व्हीएचडीएक्स फाइल म्हणतात. ज्याच्या हाती होस्टवरच्या सगळ्या मशीनचा कारभार आहे, तो एका मशीनची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून तिच्यातला मजकूर वाचू शकतो. गेस्टचा पासवर्ड त्याला लागतच नाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तरच अडचण. दाराला कितीही मोठं कुलूप लावा, अख्खी तिजोरीच उचलून नेता येत असेल तर त्या कुलपाचा काय उपयोग?

फौजेत शस्त्रागाराला कोत म्हणतात. कोत एनसीओच्या हाती किल्ली असते, रजिस्टर असतं. तो शस्त्रं देतो, घेतो, मोजतो. पण किल्ली आहे म्हणून तो युनिटचा कमांडर होत नाही. अधिकार कामापुरता. संगणकावरही हाच नियम लावायचा: कुणाला, कुठल्या मशीनवर, काय करायला. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय माउसला हात लावू नका.

आता वर्गातले पीसी. हायपर-व्ही चालवायला पूर्ण ॲडमिन असावंच लागतं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून 'हायपर-व्ही ॲडमिनिस्ट्रेटर्स' नावाचा वेगळा ग्रुप विंडोजमध्येच दिलेला आहे. पायऱ्या अशा:

१. ॲडमिन खात्याने साइन इन करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा.

२. लोकल यूजर्स अँड ग्रुप्स, त्यात ग्रुप्स. यादीत हायपर-व्ही ॲडमिनिस्ट्रेटर्स शोधून डबल क्लिक करा.

३. ॲड दाबा, विद्यार्थ्याच्या खात्याचं नाव लिहा, चेक नेम्सने खात्री करा आणि ओके.

४. विद्यार्थ्याला एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करायला सांगा.

चौथी पायरी लोक विसरतात आणि मग 'काही होत नाही' म्हणून फोन करतात. कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे विंडोज साइन इन करतानाच ठरवतं, मध्येच बघत नाही. ज्यांच्याकडे विंडोज होम आहे त्यांनी हा पर्याय शोधू नये, त्या आवृत्तीत हायपर-व्ही नसतं.

यानंतर तो विद्यार्थी मशीन बनवेल, चालू-बंद करेल, चेकपॉइंट घेईल. पण पीसीवर कुणाचं खातं उघडणं, विंडोजच्या सेटिंग बदलणं ही ॲडमिनची कामं त्याच्या हाती येत नाहीत. बाईंचे दहा हेलपाटे वाचले.

मग सर्व्हरवरही हेच करावं का? नाही. हा ग्रुप त्या होस्टवरच्या हायपर-व्हीचे सगळे अधिकार देतो. 'ही दोन मशीन तुझी, तिसऱ्याला हात लावू नकोस' असं त्यात सांगता येत नाही. म्हणजे सरावासाठी ग्रुपमध्ये घेतलेला मुलगा फी आणि निकालाचं मशीन बंद करू शकतो, पुसू शकतो, त्याची डिस्क दुसरीकडे जोडून वाचू शकतो. निकालातले गुण आणि पालकांची माहिती तिथे आहे. मुलं चांगली असतील, माझी तक्रार मुलांबद्दल नाही. पण एकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी परिणाम तोच.

सर्व्हरसाठी तीन गोष्टी करा. पहिली, मुलांना होस्टवर काहीच देऊ नका. सराव मशीनच्या आत त्यांची खाती उघडा आणि रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएचने थेट तिथे जाऊ द्या. बहुतेकांची गरज एवढीच असते. दुसरी, कुणाला मशीनचा पडदाच बघायचा असेल, तर पॉवरशेलमध्ये 'ग्रँट व्हीएम कनेक्ट ॲक्सेस' ही आज्ञा आहे. ती एका माणसाला एकाच मशीनशी जोडू देते. परवानगी काढून घ्यायची आज्ञाही आहे, तिथे ग्रँटच्या जागी रिव्होक येतं. तिसरी, जमेल तेव्हा फी-निकालाचं मशीन वेगळ्या होस्टवर हलवा.

हायपर-व्ही न वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. व्हर्च्युअलबॉक्स एकदा ॲडमिनने बसवलं की साधा वापरकर्ता आपल्या खात्यात आपली मशीन बनवतो, वेगळी परवानगी लागत नाही. लिनक्सवर 'लिबव्हर्ट' नावाचा ग्रुप असतो. नाव साधं वाटतं, पण त्यात घेतलेल्या माणसाला जवळजवळ रूटइतकी ताकद मिळते, तेव्हा जपून. एकाच सर्व्हरवर अनेकांना वेगवेगळी मशीन द्यायची असतील तर प्रॉक्समॉक्स बघा. तिथे परवानगी आपल्या तीन प्रश्नांसारखीच लिहितात: वापरकर्ता, जागा आणि भूमिका. 'पीव्हीई व्हीएम यूजर' ही भूमिका एका मशीनपुरती दिली, की तो माणूस तेवढंच मशीन चालू-बंद करतो आणि त्याचा पडदा बघतो. बाकीची मशीन त्याला यादीत दिसतही नाहीत.

शेवटचं काम संगणकावरचं नाही. एक वही घाला. कुणाला परवानगी दिली, कशासाठी, कधीपर्यंत. फौजेत बदली झाली की चार्ज हँड ओव्हर केल्याशिवाय माणूस युनिट सोडत नाही. तुमच्याकडे कोर्स संपला, कर्मचारी सोडून गेला, की त्याच दिवशी ग्रुपमधून नाव काढा. दर तीन महिन्यांनी ग्रुप उघडून वहीशी ताडून बघा. वहीत नसलेलं नाव ग्रुपमध्ये दिसलं, तर आधी ते काढा आणि मग चौकशी करा.

तुमच्या संस्थेत काय व्यवस्था आहे ते कळवा. पुढच्या भागात चेकपॉइंट म्हणजे बॅकअप का नव्हे, ते बघू. जय हिंद.