खिडकीवरची दोन मिलिमीटरची फट

जानेवारीत तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर एक रशियन घर उभं होतं. लांबी 25 सेंटिमीटर, रुंदी थोडी कमी. शनिवारी रात्री भिंती पूर्ण झाल्या तेव्हा दोन ओंडक्यांच्या मध्ये पोस्टकार्डही शिरत नव्हतं. बुधवारी संध्याकाळी कामावरून येऊन बघते, तर खिडकीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या माथ्याच्या रेषेत, भिंत आडवी फाटली होती. फटीतून पलीकडचा लोणच्याचा बरणीचा पिवळा रंग दिसत होता.

हे घर माझं नव्हतं. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी सहकारी वोलोग्दा भागातली आहे. तिची आई जिथे वाढली ते खेड्यातलं लाकडी घर, म्हणजे इझ्बा, आता उरलेलं नाही. आजी गेल्यावर ते रिकामं पडलं, मग छप्पर गळायला लागलं आणि काही वर्षांत सगळंच बसलं. उरले चार फोटो. आई सत्तर वर्षांची होणार होती आणि उन्हाळ्यात इकडे येणार होती. तिच्यासाठी घराची 1:24 प्रतिकृती करायची, अशी कल्पना. मी पॉलिमरवर काम करते, आणि लाकूड हे शेवटी निसर्गाने केलेलं पॉलिमरच, एवढ्या भांडवलावर मी मदतीला गेले.

इझ्बाची रचना सांगायला सोपी आहे. पाइन किंवा स्प्रूसचे ओंडके आडवे रचायचे, कोपऱ्यात वाटीसारखी खाच पाडून एकमेकांत बसवायचे. चार ओंडक्यांचा एक थर, थरावर थर. प्रत्येक ओंडक्याला लांबीभर पन्हळ कोरतात, त्यात शेवाळ किंवा तागाचं काथ्यासारखं सूत ठासतात आणि वरचा ओंडका त्यावर बसवतात. भिंतीला खिळा लागत नाही, वजन आणि खाच पुरते. (मात्र ‘एकही खिळा न वापरता बांधलेलं’ हे जे सर्रास लिहिलं जातं ते जपून वाचावं. ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरचं 1714 सालचं 22 घुमटांचं चर्च याच कौतुकाने ओळखलं जातं, पण त्याच्या घुमटांवरचे ॲस्पेन लाकडाचे खवले खिळ्यांनीच ठोकलेले आहेत.)

आमचे ओंडके फुकट मिळाले. इथे मिनेसोटात नाताळ संपला की लोक ख्रिसमसची झाडं रस्त्याच्या कडेला आणून टाकतात. तीन झाडांच्या बुडाकडच्या, बोटाएवढ्या जाड फांद्या आम्ही सोलल्या. 24 सेंटिमीटरच्या ओंडक्यासाठी एक सेंटिमीटरची फांदी, अगदी प्रमाणात. झाडं महिनाभर पाण्याच्या भांड्यात उभी होती, त्यामुळे लाकूड चांगलंच ओलं होतं. काही फांद्या वाळताना केळ्यासारख्या वाकल्या. सूचिपर्णी झाडाच्या आडव्या फांदीला खालच्या बाजूला वेगळ्या जातीचं लाकूड असतं, ते वजन पेलतं पण वाळताना लांबीलाही आटतं. म्हणून तर मोठ्या बांधकामाला फांद्या नाही, सरळ खोडं घेतात. वाकलेल्या बाजूला टाकल्या आणि कामाला लागलो.

आता ती फट. माझा पहिला संशय गोंदावर होता, आणि तो चुकीचा निघाला.

पावसाळ्यात दार फुगतं, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. पण ते कुठे अडकतं हे आठवून बघा. बाजूला, चौकटीच्या उभ्या अंगाला. उंचीला वाढून उंबऱ्यावर घासलंय असं फारसं होत नाही. खराट्याच्या हिरांची जुडी डोळ्यांसमोर आणा. हिरांच्या मधे ओल्या कापडाच्या चिंध्या खुपसल्या तर जुडी जाड होईल, लांब होणार नाही. लाकडात सेल्युलोजचे तंतू बहुतांशी झाडाच्या उंचीच्या दिशेने लागलेले असतात आणि पाणी त्यांच्या मधे शिरून त्यांना बाजूला ढकलतं. पाणी गेलं की ते जवळ येतात. पाइनसारखं लाकूड पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वार्षिक वलयांच्या कडेकडेने साधारण 7 ते 8 टक्के आटतं, गाभ्यापासून सालीच्या दिशेने 4 ते 5 टक्के, आणि लांबीला जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के.

भिंतीत ओंडके आडवे असतात, म्हणजे भिंतीची सगळी उंची आटणाऱ्या दिशेची. खिडकीच्या चौकटीचे खांब उभे, न आटणाऱ्या दिशेचे. मिनेसोटातल्या हिवाळ्यात घर तापवलं की हवा इतकी कोरडी होते की लाकडात पाच टक्क्यांच्या आसपासच ओलावा टिकतो. तेवढं वाळताना माझ्या फांद्या जाडीत पाचेक टक्के आटल्या. खिडकी चार सेंटिमीटर उंच. त्या उंचीत भिंत दोन मिलिमीटर खाली बसली, चौकट जागची हलली नाही, आणि खिडकीवरचा ओंडका तिच्या डोक्यावर टांगून राहिला. खालचे सगळे त्याला सोडून खाली गेले. मी चौकट घट्ट बसवली होती, नव्हे, अभिमानाने घट्ट बसवली होती.

सहकारीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “वर जागा नाही सोडलीस? सोडायची असते. आजी त्यातच शेवाळ भरायची.”

खऱ्या घरात ही फट पाचेक सेंटिमीटरची भरेल, म्हणजे मूठभर नव्हे, चांगलं टोपलीभर शेवाळ. ओल्या ओंडक्यांचं घर बसायला एकदोन वर्षं लागतात, माझं चार दिवसांत बसलं. याचंही कारण आहे. पाणी लाकडातून झिरपत बाहेर येतं आणि झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी 24 पट कमी, तर वेळ 576 पट कमी. या हिशेबाने खऱ्या घराचं एक वर्ष म्हणजे माझ्या टेबलावरचे सुमारे 15 तास. प्रत्यक्षात ओलावा पृष्ठभागावरून हवेत जायलाही वेळ लागतो, म्हणून थोडं अधिक. आटण्याचं प्रमाण मात्र टक्क्यांत असतं, त्याला आकार कळत नाही. त्यामुळे घराची बसण्याची क्रिया प्रतिकृतीत हुबेहूब दिसते, फक्त पळवून दाखवलेल्या फिल्मसारखी. सगळंच असं प्रमाणात छोटं होत नाही. मातीची चूल मी हौसेने केली. खरी रशियन चूल एक-दोन टन विटांची असते, सकाळी पेटवली की दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब देते आणि म्हातारी माणसं तिच्यावर झोपतात. माझी ओव्हनमध्ये तापवून आत ठेवली, तर चहा होईपर्यंत गार.

मग चौकट काढून अडीच मिलिमीटर तासली. उभ्या खांबांना खोबण पाडली, भिंतीतल्या ओंडक्यांच्या टोकांना जीभ काढली. एकमेकांत सरकतील पण चिकटणार नाहीत. वरच्या फटीत सुतळी उसवून भरली. दिसायला हे भयंकर दिसत होतं. आणि इथे सजावटीची पाळी आली.

रशियन खेड्यांच्या फोटोंत सगळ्यात आधी नजर जाते ती खिडक्यांभोवतीच्या कोरीव चौकटींवर. त्यांना नालिच्निक म्हणतात. व्होल्गाकाठी त्यांवर सिंह आणि जलपऱ्या कोरलेल्या असतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारीक करवती आल्या तशी लेससारखी जाळी आली. मी ते निव्वळ नक्षीकाम समजत होते. तासलेली चौकट समोर धरून बसले तेव्हा लक्षात आलं, की नालिच्निक नेमका त्या फटीवर बसतो. वारा अडवतो, पाणी बाहेर टाकतो आणि सुतळी झाकतो. तो भिंतीला ठोकायचा नाही, चौकटीला ठोकायचा, म्हणजे त्याच्या मागे भिंत खुशाल खालीवर सरकू शकते.

एकदा हे दिसलं की घरभर तेच दिसायला लागलं. छपराच्या उतरत्या कडेला कोरीव फळी असते, प्रिचेलिना. तिच्यामागे काय आहे? छपराच्या आडव्या तुळयांची कापलेली टोकं. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेतं त्या तिथे उघड्या पडलेल्या असतात, पाऊस तिथून सरळ आत ओढला जातो आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. आढ्याच्या टोकावर लोंबणारी फळी, जिचं रशियन नाव चक्क ‘टॉवेल’, तेच करते. आढ्यावरून घोड्याचं तोंड पुढे आलेलं असतं, तो म्हणजे पोटात कोरलेला एक अवजड ओंडका. छपराच्या फळ्यांची वरची टोकं तो नुसत्या वजनाने दाबून धरतो. फळ्यांची खालची टोकं लाकडी पन्हळीत टेकतात आणि ती पन्हळ पेलणाऱ्या, मुळासकट घेतलेल्या आकड्यांना ‘कोंबड्या’ म्हणतात. कोकणातल्या आमच्या घराला पागोळ्यांच्या कडेने लाकडी झालर होती. वाशांची टोकं तिच्यामागे असायची. तीसुद्धा मी आजवर शोभेचीच समजत होते.

जाळी आम्ही बर्च प्लायवुडची कापली. एका दिशेच्या रेषेच्या पातळ फळीत आडवी नक्षी रेषेवर मोडते, प्लायवुडचे थर आडवे-उभे असल्याने टिकते. पांढरा आणि निळा रंग फोटोवरून घेतला. फोटोत डावीकडची खिडकी थोडी तिरकी वाटत होती. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष असणार, असं म्हणून मी ती गुण्याला लावून सरळ बसवली.

जूनमध्ये आई आली. टेबलापाशी बसून तिने बराच वेळ घर बघितलं, छप्पर उचलून चुलीचं तोंड कुठे आहे ते तपासलं. मग डाव्या खिडकीवर बोट ठेवून मुलीला काहीतरी म्हणाली. सहकारी हसली आणि मला म्हणाली, “ही कधी उघडायचीच नाही, म्हणते. त्या कोपऱ्यातला सगळ्यात खालचा ओंडका कुजला होता, घर तिकडे कललं होतं. आजोबा दर वर्षी म्हणायचे, घर उचलून तो बदलू.”

बाहेर पावसाळी हवा होती. लाकूड पुन्हा थोडं फुगलं होतं, आणि नालिच्निकच्या मागे फट कितपत भरली असेल हे मला बघायचं होतं. पण घर तिच्या हातात होतं.