पनवेलवरून पुढे

विमानतळ झाला की परदेशी पाहुण्यांची रीघ लागणार, हे पनवेलकर गेली कित्येक वर्षं ऐकत आलेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडू लागली आणि सुरुवात झाली ती देशांतर्गत मार्गांनीच. यात नवल काही नाही. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. करोना सरून २०२४ उजाडलं, तरी हा आकडा कोटीच्या आतच होता. त्याच वर्षी परदेशी गेलेले भारतीय मात्र तीन कोटींच्या वर. अर्थात ते सगळेच सहलीला गेले नव्हते. नोकरी, शिक्षण, अमेरिकेतल्या लेकीचं बाळंतपण हेही त्यात आलं. तरी थायलंड, मलेशियाने व्हिसाची अट काढल्यापासून आपल्याकडचा मध्यमवर्गीय गोव्याच्या खर्चाशेजारी बँकॉकचा खर्च मांडून पाहू लागलाय. तेव्हा हा विमानतळ पाहुणे आणण्याआधी आपल्यालाच बाहेर नेणार, असं दिसतं.

खरी गर्दी घरचीच. २०२३ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या अडीचशे कोटींच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या. भेटी, माणसं नव्हेत! एकच माणूस वर्षभरात तीन राज्यांत फिरला, तर तो तीनदा मोजला जातो. देवदर्शनाला निघालेलेही त्यातच.

या गर्दीचा मोठा वाटा पनवेलवरून जातो. मुंबई-गोवा महामार्ग इथूनच फुटतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीला सुरू होतो, कोकणच्या गाड्याही इथूनच जातात. शनिवारी सकाळी पळस्प्याला गाड्या खोळंबतात, वडा-मिसळ खाऊन पुढे सुटतात. पनवेलला मुक्काम कुणाचाच नसतो.

अपवाद आहे तो कलावंतीण सुळक्याचा. प्रबळगडाला खेटून उभा असलेला हा सुळका, त्यावर कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या. पूर्वी शिमग्याला माचीवरचे आदिवासी वर जाऊन नाचायचे आणि अधूनमधून एखादा गिर्यारोहक यायचा. मग पायऱ्यांचे फोटो मोबाईलवर फिरले. आता रविवारी पहाटे ठाकूरवाडीतून विजेऱ्यांची रांग चढताना दिसते. माचीवर पोरं तंबू भाड्याने देतात, अंगणात पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात, वाटाड्याला चार पैसे सुटतात. पर्यटनाचा पैसा यजमानाच्या हातात पडतो तो असा. शेतघरं भाड्याने देणाऱ्या मालकांबद्दल हे छातीठोकपणे म्हणवत नाही. त्यांचा बराचसा पैसा मुंबईहून येतो आणि मुंबईलाच जातो.

गर्दीचं ओझंही यजमानावरच पडतं. कर्नाळा अभयारण्यात प्लास्टिकच्या बाटल्यांवर अनामत घेतात, परतताना बाटली दाखवली की पैसे परत. साधी युक्ती आहे. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी घालावी लागते, कारण तिथे दरसाल कुणी ना कुणी वाहून जायचं.

उद्या इंदूरहून उतरलेला प्रवासी अटल सेतूवरून मुंबई गाठेल, नाहीतर लोणावळ्याची टॅक्सी पकडेल. कर्नाळा, प्रबळगड आणि माथेरान त्याला इथून हाकेच्या अंतरावर आहेत. ते त्याला सांगायचं कुणी, वनखात्याने, महापालिकेने की टॅक्सीवाल्याने? माझं मत टॅक्सीवाल्याला.