राजाने सज्जन असावे, की नुसते दिसावे?

सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'पवित्र क्रूस'. वाकोल्यासह आजची बहुतेक उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते बेट गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच्या तहाने पोर्तुगीजांच्या हवाली केले. त्याच सुमारास युरोपात एका मूलभूत प्रश्नावर विचारमंथन सुरू होते. राज्यकर्त्याला सामान्य माणसाचीच नीती लागू होते, की सत्तेचे नियम निराळे असतात?

यातील एक बाजू ख्रिस्ती मानवतावाद्यांची होती. प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्या आणि ख्रिस्ताची शिकवण यांच्या मिलाफातून माणूस सुधारेल आणि माणसाबरोबर राज्यही सुधारेल, अशी त्यांची श्रद्धा होती. हॉलंडच्या इरॅस्मसने १५१६ मध्ये, पुढे सम्राट झालेल्या तरुण चार्ल्ससाठी 'ख्रिस्ती राजपुत्राचे शिक्षण' हा ग्रंथ लिहिला. अन्याय केल्यावाचून राज्य टिकत नसेल, तर राजाने राज्यच सोडावे, इथपर्यंत त्याची भूमिका होती. त्याच वर्षी इंग्लंडच्या टॉमस मोरचा 'यूटोपिया' प्रसिद्ध झाला. त्यातील आदर्श राज्याची हकीकत सांगणारा कल्पित प्रवासी पोर्तुगीज असून तो कालिकतमार्गे मायदेशी परततो.

दुसरी बाजू फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीची. १५१२ मध्ये सत्तांतर होताच त्याची सरकारी चाकरी गेली आणि पुढल्या वर्षी तुरुंगात त्याचा छळही झाला. त्यानंतर त्याने लिहिलेला 'द प्रिन्स' त्याच्या मृत्यूनंतर, १५३२ मध्ये छापला गेला. माणसे कशी असावीत याऐवजी ती कशी वागतात हे पाहूनच राज्य चालवावे, राजाला सिंहाचे बळ आणि कोल्ह्याची धूर्तता दोन्ही हवीत, सद्गुण अंगी नसले तरी ते असल्याचे दिसले पाहिजे, हे त्याचे सांगणे. मात्र त्याला निव्वळ दुष्टपणाचा उपदेशक मानणे योग्य नाही. राजदरबारांत जे चालत होते, तेच त्याने उघडपणे लिहिले.

साष्टीवर ज्यांचे राज्य आले, त्या पोर्तुगालमध्येही हा वाद पोहोचला. इरॅस्मसने १५२७ मध्ये आपले एक पुस्तक पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला अर्पण करताना व्यापारातील मक्तेदारीवर टीका केली. वस्तुतः मिरीची मक्तेदारी हाच त्या राजाच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. पोर्तुगीज विद्वान जेरोनिमो ओझोरियो याने १५४२ मध्ये मॅकियाव्हेलीचे खंडन छापले. ख्रिस्ती धर्मामुळे माणसे दुर्बळ होतात, हे त्याला मान्य नव्हते. मात्र प्रत्यक्ष कारभार ग्रंथांप्रमाणे चालत नव्हता. साष्टी देणारा बहादूरशाह फेब्रुवारी १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगीज गव्हर्नरला जहाजावर भेटून परतत असताना झटापटीत मारला गेला.

या वादाचा शेवट विलक्षण झाला. पोप चौथा पॉल याने १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, तेव्हा तीत मॅकियाव्हेली आणि इरॅस्मस या दोघांचेही सर्व लेखन समाविष्ट होते. सत्ता कशी वागते हे सांगणारा आणि तिने कसे वागावे हे सांगणारा, दोघेही सारखेच नकोसे ठरले. पुढल्याच वर्षी गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. इरॅस्मसचा पोर्तुगीज मित्र, इतिहासकार दामियाव द गोइश यालाही १५७१ मध्ये लिस्बनच्या धर्मन्यायालयाने कैदेत टाकले.

नीती आणि व्यवहार यांची अशी फारकत अपरिहार्यच आहे काय? याचे एक उत्तर मराठीत सापडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमारासचे. 'टोपीकर' हे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. त्यांना समुद्रकिनारी किल्ल्यासाठी जागा देऊ नये, असा रोखठोक इशारा त्यात आहे. मात्र तेच आज्ञापत्र आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, जीर्ण झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच तोडावे, असेही बजावते. शत्रूविषयी सावधपणा आणि प्रजेविषयी कणव, दोन्ही एकाच ग्रंथात नांदतात. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये वसई पडली. राज्ये बदलली, पण सत्तेची गरज सांगताना तिला मर्यादा कोण घालणार, हा प्रश्न प्रत्येक राज्यकर्त्यासमोर उभाच राहिला.