थाप बदलताना तिचा जीव जपावा

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात आणि त्यांच्यासोबत दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटके. खडी गंमतीत शाहिराइतकाच मान ढोलकीवाल्याचा. असे प्रयोग ध्वनिमुद्रित करताना मात्र एक अडचण हमखास येते. उघड्या जागेत ढोलकीसमोरच्या मायक्रोफोनमध्ये गायकाचा आवाज, तुणतुणे आणि प्रेक्षकांचा गलबला असे सारेच शिरते. यावर तोडगा म्हणून ध्वनिमिश्रण करणारा तंत्रज्ञ मूळ थापेच्या जागी स्टुडिओत मुद्रित केलेली स्वच्छ थाप बसवतो. या तयार थापेला ‘सॅम्पल’ म्हणतात आणि मूळ आघात ओळखून संगणकाने ती वाजवणे म्हणजे ‘ट्रिगर’ करणे.

घात होतो तो इथेच. माणसाचा हात कोणत्याही दोन थापा तंतोतंत सारख्या वाजवत नाही. एकच सॅम्पल पुनःपुन्हा वाजले, तर ढोलकीचे टंकलेखन यंत्र होते.

१९८३ मध्ये रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदवला जातो. नवशिका तंत्रज्ञ या आकड्याला केवळ आवाजाची पातळी समजतो. वस्तुतः हलक्या थापेचा आवाज लहान असतो तसाच मऊही असतो. जोरकस थापेत वरच्या पट्टीतील स्वरांश अधिक उसळतात. म्हणूनच जोरकस थापेचा आवाज नुसता कमी केला, तर ती हलकी न वाटता दूरच्या मंडपातून आल्यासारखी वाटते. चांगल्या सॅम्पलसंचात यासाठी जोराच्या अनेक पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर तीच थाप चार-सहा वेळा वाजवून घेतलेली असते. संगणक त्या आलटून पालटून वापरतो.

तरीही कान हवाच. आघात ओळखण्याची मर्यादा फार वर ठेवली, तर हलकी, भरणीची बोटे गळतात. फार खाली ठेवली, तर तुणतुण्यालाही ढोलकी उत्तर देऊ लागते! ती गाण्यातील सर्वांत हलक्या जागेवर ठरवावी, टिपेच्या जागेवर नव्हे.

चढउतार आवळणाऱ्या कॉम्प्रेसरचा मोह तर सर्वांत घातक. बाजारातील बहुतेक सॅम्पल आधीच आवळलेले असतात. त्यावर पुन्हा तोच उपाय केला, तर कवनाखालचा ठेका आणि कवन संपल्यावरची उसळी यांत फरकच उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रथम बंद ठेवून आवाजाची पातळी कडव्याकडव्याला हाताने बदलावी. वेळखाऊ आहे खरे, पण गायकाचा श्वास आणि ढोलकी यांचा संवाद त्यातच टिकतो.

मूळ मुद्रणही पुसू नये. सॅम्पल त्याच्या जोडीला ठेवावे. दोन्हींचा आरंभ मात्र एकाच क्षणी हवा. अवघ्या पाच सहस्रांश सेकंदाचा फरक पडला, तरी १०० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज परस्परांना छेदतो आणि ढोलकी पोकळ होते.

ढोलकीच्या डाव्या बाजूची गोष्ट निराळी. तिथे वादक तळवा दाबून स्वर खालीवर सरकवतो. एका आघाताने सुरू होऊन ठरल्याप्रमाणे विरणारे सॅम्पल त्या घुमाऱ्याचा पाठलाग करू शकत नाही. म्हणून मुद्रणाच्या वेळीच दोन्ही तोंडांना स्वतंत्र मायक्रोफोन लावावेत. उजवीकडे सॅम्पलची मदत घ्यावी आणि डावी बाजू गलबल्यासकट मूळचीच ठेवावी.