भारताचे नागरिक व्हायचे आहे?

भारतात जन्म नाही, आईवडील किंवा जोडीदार भारतीय नाही, पण इथेच कायमचे राहायचे आहे, अशा परदेशी माणसाला १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ६ लागू होते. खरी कसोटी दिवसांच्या हिशोबाची. अर्जापूर्वीचे सलग १२ महिने भारतात वास्तव्य हवे आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे. आजारी आईला भेटायला मायदेशी गेलेले पंधरा दिवससुद्धा मोजले जातात, म्हणून जुन्या पासपोर्टची शिक्क्यांनी भरलेली पाने जपून ठेवावीत. शेवटच्या १२ महिन्यांत विशेष कारण असेल, तर केंद्र सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकते.

भाषेची अट मात्र गमतीची आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एक पुरेशी यायला हवी. त्या यादीत इंग्रजी नाही! भाजीवाल्या मावशींशी मराठीत घासाघीस करणारा जर्मन इथे फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याच्या पुढे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, निर्णय केंद्राचा. वर्तन चांगले असावे लागते आणि बेकायदा आलेल्याला हे दार साधारणतः बंदच. मंजुरी मिळाली की मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. बेल्जियममध्ये जन्मलेले अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ २००२ साली भारतीय नागरिक झाले. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे नागरिकत्व, हा समज मात्र चुकीचा. त्यावर मतदान करता येत नाही.